ख्रिसमस शिकवणाऱ्या लिमये मॅडम

लिमये मॅडम आम्हाला ख्रिसमस शिकवायच्या.

वाचायला विचित्र वाटेल, पण त्यांची नोकरीच ती होती. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कॉल सेंटरमध्ये मी नुकतीच लागलेले. अमेरिकेत थंडीत घर गरम ठेवायला तळघरात एक भट्टी असते, फर्नेस म्हणतात तिला. त्या भट्ट्या बनवणाऱ्या कंपनीचे फोन आमच्याकडे यायचे. भट्टी बंद पडली की तिकडून फोन, आम्ही तक्रार घ्यायची, त्यांच्या गावातला मेकॅनिक गाठून द्यायचा. आता भट्टी मे महिन्यात बिघडली तर कुणाला पत्ताही लागत नाही. ती बिघडल्याचं कळतं डिसेंबरात, बाहेर बर्फ आणि घरात पाहुणे असताना. म्हणून आमचा सीझन नोव्हेंबर ते जानेवारी. आणि म्हणून नव्या पोरांना फोनवर बसवण्याआधी लिमये मॅडमच्या वर्गात बसवायचे. वर्गाला सगळे नुसतं 'कल्चर' म्हणायचे. "आज कल्चर आहे का रे?" "हो ना यार, दुपारभर कल्चर आहे."

वर्गात कुणी दिव्याचं, कुणी कळव्याचं, कुणी डोंबिवलीचं. मी टिटवाळ्याची. बर्फ आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. मॅडमनीही नव्हता.

पहिल्या दिवशी त्या आल्या, खुर्चीवर बसल्या, खांद्यावरची शाल सारखी केली. एसीमुळे त्या बारा महिने शाल घ्यायच्या. पन्नाशीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेले, कपाळ मोकळं. 'गुड आफ्टरनून'ची आम्ही वाट बघतोय, तर त्यांनी सरळ मराठीत विचारलं, "तुमच्याकडे संक्रांतीला काय करतात?"

इंग्रजी सुधारायला आलेले आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मग पुढे बसलेला डोंबिवलीचा मुलगा म्हणाला, "तिळगूळ. आणि पुरणपोळी."

"पुरणपोळी कुठे?" त्याच्या बाजूची फिस्सकन हसली. "गुळाची पोळी असते. पुरणाची होळीला."

"आमच्याकडे पुरणाचीच असते."

"चुकीचं करता मग तुम्ही."

साताऱ्याकडची एक म्हणाली, आमच्या बायका सुगडी घेऊन देवळात ओवसायला जातात. कुणी म्हणालं, खरा सण आदल्या दिवशी, भोगीला; बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. ग्लेंडा नावाची मुलगी होती, ठाण्यातल्याच जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातली, आमच्याइतकंच मराठी बोलणारी. ती म्हणाली, "आम्ही करत नाय, पण शेजारचे तिळगूळ देतात ना, मग आमच्या नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, उरलेल्या असतात, त्या आम्ही त्यांना देतो." वर्ग हसला. पुरणपोळी आणि गूळपोळीवाल्यांचं भांडण मात्र मिटेना. मॅडम एकेकाकडे बघत होत्या.

माझ्यावर नजर आली. मी म्हटलं, "आमच्याकडे नाही करत."

हे वाक्य मी शाळेपासून बोलत आलेले. त्यावर दर वेळी ठरलेलं "का गं?" यायचं, आणि त्या 'का'चं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा थोडा बदलायचा. मॅडम म्हणाल्या, "बरोबर," आणि वर्गाकडे वळल्या.

"ही टिटवाळ्याची, तो डोंबिवलीचा. एकाच लाइनवर राहता, एकच ट्रेन पकडता. तरी तुमची संक्रांत जुळत नाही. आणि तुम्ही अख्ख्या अमेरिकेला एकच ख्रिसमस वाटणार? ही जे म्हणाली ना, 'आमच्याकडे नाही करत', हे तुम्ही फोनवर रोज ऐकाल. ऐकल्यावर का म्हणून विचारायचं नाही. मी विचारलं तिला?"

"नाही मॅडम."

"मग झालं. कुणाचा सण गृहीत धरायचा नाही. गृहीत धरलं की समजा शिवी दिली."

मग त्या ताठ बसल्या, आधी हसल्या आणि नंतर बोलायला लागल्या. तो आवाज ऐकून आम्ही चपापलोच. मराठी बोलतानाचा त्यांचा आवाज कोरडा, सोसायटीच्या नोटिशीसारखा. आणि हा आवाज गोल, उबदार, जवळच्या मावशीचा. फोनवर त्यांचं नाव नॅन्सी होतं. खूप वर्षं त्या नॅन्सी होत्या, मग ट्रेनर झाल्या.

सगळं ज्ञान त्यांनी फोनवरच मिळवलेलं. मेकॅनिकचा पत्ता लागेपर्यंत गिऱ्हाईक लाइनवर थांबायचं. बाकीचे त्या वेळात गाणं लावून द्यायचे. मॅडम बोलायच्या. बहुतेक फोन एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे. थंडीत कुडकुडणारी म्हातारी बाई, घरात अजून कुणी नाही, आणि लाइनवर हा आवाज. ती आपण होऊन सांगायची, आज काय शिजवलंय, कोण येणार होतं, कोण येणार नाही म्हणाला. त्यामुळे मॅडमना माहीत होतं की जर्मन घरांत भेटी चोवीसच्या संध्याकाळीच उघडतात आणि इंग्रजी घरांत पंचवीसच्या सकाळी. नॉर्वेहून आलेल्यांच्या घरी खारात मुरवून चिकट केलेला एक मासा खातात आणि त्यांची मुलं नाक दाबून पळतात. इटालियन लोक आदल्या दिवशी मटण शिवत नाहीत, नुसते मासे. रशियाकडच्यांचा ख्रिसमस जानेवारीत येतो. ज्यू घरांत तो नसतोच, त्यांचे दिवे वेगळे. पोलंडची माणसं अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात, हे त्यांनी सांगितलं तेव्हा कुणीतरी विचारलं, "आणि खरंच कुणी आलं तर?"

मॅडम म्हणाल्या, "मी विचारलेलं त्या आजींना. म्हणाल्या, आजवर कुणी आलं नाही."

त्या प्रेमळ वगैरे अजिबात नव्हत्या. 'प'चा उच्चार शिकवताना टिश्यू पेपरची पट्टी आमच्या तोंडासमोर धरायच्या. पट्टी हलली नाही की अख्ख्या वर्गासमोर पुन्हा. एका मुलाला त्यांनी दुपारभर 'पाइप' म्हणायला लावलं, तो दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. मला म्हणाल्या होत्या, "तुझं इंग्रजी टिटवाळ्यात चालेल. मला मिशिगनमध्ये चालायला हवंय." मी वॉशरूममध्ये जाऊन रडलेले. पण पहिल्या सीझनला एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, तू कुठल्या गावची, आणि माझा आवाज हलला नाही, तेव्हा ती पट्टी आठवली.

दुसऱ्या वर्षी ग्लेंडाचं प्रकरण झालं.

तिच्या आजोबांचं दुखणं विकोपाला गेलेलं. त्यांच्या घरची पद्धत अशी, की चोवीसला सगळं कुटुंब आजोबांसोबत चर्चला जाणार, परत आल्यावर आजोबा तळलेला पहिला फुगा तोडणार आणि मग बाकीचे खाणार. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे फुगलेले गोडसर पाव. ग्लेंडाने फार आधीपासून रजा मागितलेली. पण सीझनला रजा बंद. ऑफिसात तेव्हा छताला टेकेल एवढं झाड उभं केलेलं, दिव्यांच्या माळा, कापसाचा बर्फ, कुठल्या टीमचं डेकोरेशन सर्वांत छान त्याची स्पर्धा.

मॅडम फ्लोअर मॅनेजरकडे गेल्या. मी तिथेच बाजूच्या डेस्कवर होते.

"ग्लेंडाला चोवीसला सोडा. तिचा सण आहे."

"मॅडम, सण तर सगळ्यांचाच आहे. बघा ना, पोरांनी किती मस्त सजवलंय."

"ते गिऱ्हाइकासाठी सजवलंय. मी त्या मुलीबद्दल बोलतेय."

"फोन कोण घेणार?"

"मी घेते. तिच्या जागेवर बसते."

मॅनेजर हसला. "काय मॅडम, तुम्ही पण! ठीक आहे, बसा. जाऊ दे तिला."

चोवीसला मॅडम खरोखर हेडफोन लावून ग्लेंडाच्या खुर्चीत बसल्या. ग्लेंडा जाताना त्यांना मिठी मारायला आली, तर हात पुढे करून म्हणाल्या, "जा, जा. उशीर करू नकोस." त्या रात्री आमच्या सगळ्यांच्या लाइनींपेक्षा त्यांची लाइन जास्त वेळ चालू राहत होती. नॅन्सी परत आलेली.

जानेवारीत ग्लेंडाला पत्र आलं. सीझनमध्ये विनापरवाना गैरहजर, म्हणून नोकरी संपली. मॅनेजरने लेखी काही दिलंच नव्हतं, आणि आता तो म्हणाला, "मी असं बोललो नव्हतो." मॅडम वरपर्यंत जाऊन आल्या. तिथे त्यांना समजावण्यात आलं की त्यांनी स्वतःहून मदत केली हे फारच कौतुकास्पद आहे, पण तो वेगळा विषय आहे.

ग्लेंडा आपला मग, चार्जर घ्यायला आली तेव्हा मॅडम कॅन्टीनमध्ये डबा खात होत्या. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही बोललेलात ना मॅडम? जा म्हणून?"

"हो."

"मी तुमच्या शब्दावर गेलेले."

"हो," मॅडम परत म्हणाल्या. ग्लेंडा गेली. मॅडमनी डब्यातली भाकरी शेवटपर्यंत खाल्ली, डबा धुतला, आणि वर्गावर गेल्या. पुढे कुणी काही विचारायला आलं की एवढंच म्हणायच्या, "माझ्याकडून ऐकू नकोस. लेखी घे."

त्यानंतर माझ्याशी मात्र त्या थोड्या बोलायला लागल्या. त्या डोंबिवलीला राहायच्या; कधी तिथपर्यंत आम्ही एकत्र यायचो, तेवढाच वेळ. असं तुकड्यातुकड्याने मला त्यांचं घर कळलं. नवरा कल्याणला राहत होता. वारला नव्हता, घटस्फोटही झाला नव्हता. तो दुसऱ्या बाईबरोबर कल्याणला राहत होता, एवढंच. "मध्ये फक्त ठाकुर्ली," मॅडम म्हणायच्या, "पण मुलीला भेटायला यायला त्यांना कधी गाडीच मिळाली नाही." मुलगी मृण्मयी, म्हणजे मिनू, चार वर्षांची असताना तो गेला. मॅडम तेव्हा डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवायच्या, पण ती नोकरी कायमची नव्हती. म्हणून त्या फोनवर आल्या. मिनू शेजारच्या साठेकाकूंकडे वाढली. मिनू हुशार निघाली, शिकायला अमेरिकेला गेली, तिकडेच ब्रायन नावाच्या मुलाशी लग्न केलं. लग्न तिकडच्या कचेरीत झालं, मॅडमनी ते फोनवर बघितलं.

मग एका वर्षी मिनूने बोलावलं. ख्रिसमसला ये, ब्रायनच्या आईवडिलांकडे सगळे जमणार आहोत. गाव मिशिगनमध्ये.

मॅडमना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. ब्रायनच्या घरच्या प्रत्येकासाठी त्यांनी नावानिशी भेट घेतली. कल्याणच्या बाजारात मी त्यांच्यासोबत हिंडले; शाली पारखताना त्या दुकानदाराला सांगत होत्या, "थंडी खूप असते तिकडे, जाड दाखवा," जणू दर वर्षी जाऊन येतात. ऑफिसात पोरं चिडवायची, "मॅडम, परीक्षा आहे तुमची." त्या म्हणायच्या, "मी पेपर काढणाऱ्यांतली आहे रे."

परत आल्या जानेवारीच्या सुरुवातीला. कॅन्टीनमध्ये मी विचारलं, "कशी झाली ट्रिप?"

"बर्फ पाहिला," त्या म्हणाल्या. "मळका असतो. आपल्याकडे नाल्यातला गाळ काढून रस्त्याच्या कडेला ढीग लावतात ना, तसा."

मग बराच वेळ चहा ढवळत राहिल्या. मी काही विचारलं नाही. विचारायचं नसतं हे त्यांनीच शिकवलेलं.

"त्या घरात काहीच करत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "चर्च नाही, गाणी नाहीत, काही शिजवतसुद्धा नाहीत. सकाळी सगळ्यांनी सारखे पायजमे घालायचे. लाल चौकटीचे. दर वर्षी ब्रायनची आई नवे आणते, लहानमोठ्या सगळ्यांना. मग विकतचे गोड रोल खायचे आणि दिवसभर टीव्हीवर खेळ बघायचा. हीच त्यांची रीत. चूक नाही काही. मीच तुम्हाला सांगायचे, गृहीत धरू नका."

"तुम्हाला पण आणलेला पायजमा?"

"नाही. त्यांचा एक फोटो असतो दर वर्षीचा, जिन्यावर बसून. मला म्हणाले, तुम्ही काढाल का? मी काढला. मिनू मधल्या पायरीवर होती. छान आला."

माझ्याकडे न बघता त्या पुढे बोलत राहिल्या. जेवणाच्या टेबलावर ब्रायनच्या आईशी बोलताना त्यांचा तो आवाज आपोआपच लागला. गोऱ्या माणसाशी बोलायचा त्यांच्याकडे दुसरा आवाजच नव्हता. ब्रायनची आई ऐकता ऐकता एकदम ओरडली, अगं, तू तर थेट त्या फर्नेसवाल्या बाईसारखी बोलतेस! आमची भट्टी बंद पडलेली तेव्हा जी फोनवर होती ना, अगदी तशी!

"मी विचारलं, कुठल्या कंपनीची भट्टी? तिने सांगितलं, ती आपलीच. मी म्हटलं, मग कदाचित मीच असेन. सगळे हसून हसून लोळले. वाईट मनाने नाही हं. त्यांना खरंच गंमत वाटली. मलाही वाटली. मिनू उठून स्वयंपाकघरात गेली."

मॅडम तिच्या मागे गेल्या. मिनू सिंकपाशी उभी होती. मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "आई, तो आवाज काढू नकोस ना. प्लीज. आणि सारखं विचारू नकोस सगळ्यांना, तुमच्याकडे काय करतात, तुमच्याकडे काय करतात."

"अगं, मला आवड आहे म्हणून..."

"तुला सगळ्या जगाच्या घरी काय करतात ते माहितीये. आपल्या घरी काय करायचे गं? सांग ना. पहिल्या अंघोळीला मी उठायचे तेव्हा तू शिफ्टवरून येऊन झोपलेली असायचीस. उटणं मला साठेकाकूंनी लावलंय. ओवाळलंय त्यांनी. अमेरिकेत दिवाळी नसते म्हणून तुला सुट्टी नाही, आणि ख्रिसमस असतो म्हणून तुला सुट्टी नाही. ब्रायनने मला विचारलं ना, तुमच्या घरी कसं करतात, तर मी त्याला साठ्यांचं घर सांगितलं."

हे सगळं मॅडमनी मला मुलीच्या शब्दांत, तिच्याच चढउतारांनिशी सांगितलं. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायची त्यांना सवयच होती.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? खरंच होतं ते. फी भरायची होती, हे तिलाही माहीत आहे. ते काय ख्रिसमसच्या दिवशी सांगायचं?"

त्याच जानेवारीत त्यांनी ठरवलं की या वर्षी घरी हळदीकुंकू करायचं. आयुष्यात पहिल्यांदा. मला म्हणाल्या, "तुमच्याकडे नाही करत, मला माहीत आहे. तू नुसता तिळगूळ खायला ये. आणि जरा आधी ये, हाताशी कुणी नाहीये."

मी गेले. डोंबिवलीतलं तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, आरशासारखं पुसलेलं. दारात रांगोळी काढलेली, जराशी वाकडी. वाण म्हणून स्टीलच्या छोट्या वाट्या आणलेल्या, प्रत्येकीत एक लाडू. लाडू कडक झालेले; पाक चुकलेला. हळदीकुंकवाची नवीकोरी कोयरी, अत्तर, गुलाबदाणी. जांभळी काठापदराची साडी नेसलेल्या मॅडमना मी ओळखलंच नाही पहिल्यांदा.

साठेकाकू सर्वांत आधी आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, मिनूला वाढवणाऱ्या त्या याच. मागोमाग बिल्डिंगमधल्या पाचसहा जणी. मॅडम कोयरी घेऊन पुढे झाल्या, तशा साठेकाकूंनी हळूच, अगदी मायेने, ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"द्या, मी लावते. तुम्ही वाण द्या."

मॅडमना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "हो, हो," त्या म्हणाल्या, "तुम्ही लावा."

साठेकाकूंनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मॅडम त्यांच्या मागे वाट्या घेऊन उभ्या. एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी वाटी घेण्याआधी साठेकाकूंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाणसुद्धा तुझ्याच हातून दे गं. गैरसमज नको हं लिमये, पण आमच्यात पाळतात."

मॅडम ताठ उभ्या राहिल्या, हसल्या, आणि वाट्यांचं ताट साठेकाकूंच्या हातात दिलं. म्हणाल्या, "छे छे, गैरसमज कसला. प्रत्येक घरची पद्धत असते."

हे त्या मराठीत बोलल्या, पण आवाज नॅन्सीचा होता.

बायका गप्पा मारून, लाडवांचं कौतुक करून गेल्या. त्यांना अजून दोन घरं करायची होती. साठेकाकू जाताना मला म्हणाल्या, "लक्ष ठेव हं त्यांच्याकडे, हळव्या आहेत." दार लागलं. मॅडम साडीसकट जमिनीवर बसल्या. एक लाडू फोडायला गेल्या, तो फुटेना. शेवटी वरवंट्याखाली धरून फोडला, अर्धा मला दिला.

"मिशिगनला निदान मला माहीत होतं की मी पाहुणी आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी परत कधी हळदीकुंकू केलं नाही. पुढच्या दिवाळीत मिनूने तिकडे आपल्या तान्ह्या मुलीला पहिली अंघोळ घातली. पहाटे उठून, उटणं लावून, दारात आकाशकंदील लावून. फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'आमच्या डोंबिवलीच्या घरी असंच करायचे.' मॅडमनी मला ते दाखवलं. बोट स्क्रीनवर ठेवून विचारलं, "कोणाच्या घरी गं?" आणि फोन पर्समध्ये टाकला.

मॅडमची नोकरी गेली ती त्याच्या पुढच्या वर्षी. कंपनीने नवं सॉफ्टवेअर घेतलं. इथला माणूस कसाही बोलो, पलीकडे तो अमेरिकन ऐकू जातो. 'प'च्या पट्टीची गरज राहिली नाही. कल्चर मात्र लागणार होतं, म्हणून मॅडमना सांगण्यात आलं, तुम्हाला जे येतं ते सगळं कंप्युटरवर चढवून द्या, मुलं आपापली बघून घेतील. त्यांनी दिलं. जर्मन घरं, इटालियन घरं, तो चिकट मासा, पोलंडची आजी, सगळं. मी म्हटलं, "मॅडम, सगळं देऊ नका ना." त्या म्हणाल्या, "अगं, अर्धवट शिकवलं तर पोरं फोनवर कुणाचं तरी मन दुखावतील." काम पुरं झालं आणि महिनाभरात त्यांचं पद संपलं. कॅन्टीनमध्ये केक कापला. ज्याने ग्लेंडाचं ते केलं, तोच मॅनेजर आता मोठा साहेब होता. त्याने भाषण केलं की मॅडम आमच्या कुटुंबातल्या आहेत. मॅडमनी केक कापला, पहिला तुकडा त्याच्या हातात दिला, भरवला नाही.

मीही पुढे ती नोकरी सोडली. लग्न झालं, कल्याणला राहायला आले, महापेच्या एका ऑफिसात लागले. मॅडमना फोन करायचे अधूनमधून. "बरी आहे" यापलीकडे त्या जायच्या नाहीत. मग नंबर लागेनासा झाला. एकदा डोंबिवलीच्या घरी जाऊन आले, तर तिथे दुसरंच कुटुंब. साठेकाकू म्हणाल्या, "गेल्या बाई कुठे शीळकडे. आम्हालाही पत्ता नाही दिला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं.

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, मी ऑफिसातून घरी येत होते. शीळफाट्याला नेहमीसारखं सगळं तुंबलेलं. संध्याकाळ होत आलेली. आमची बस उभी, आणि समोरून महापेकडे जाणारी गाड्यांची रांगही उभी. अगदी आमच्या खिडकीला लागून एक कंपनीची गाडी थांबली, शिफ्टला पोरं नेणारी. आत सगळी वीस-बावीसची मुलंमुली, मोठ्याने काहीतरी वाजत होतं. आणि खिडकीपाशी लिमये मॅडम. गळ्यात इतरांसारखंच कंपनीचं ओळखपत्र. ट्रेनर म्हणून नाही. ट्रेनर पोरांच्या गाडीतून जात नाहीत. परत फोनवर बसायला निघालेल्या. केस पूर्ण पांढरे, डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. गाढ झोपल्या होत्या.

मागच्या सीटवरच्या मुलीने आपल्या डोक्यावरची हरणाची शिंगं काढली. लाल कापडाची, केसांत अडकवायच्या पट्ट्यावर बसवलेली, मॉलमध्ये मिळतात ती. तिने ती वाकून हळूच मॅडमच्या डोक्यावर बसवली. गाडीभर हसू फुटलं. काचेआडून मला आवाज येत नव्हता, नुसती तोंडं दिसत होती.

मी आमच्या बसची खिडकी उघडायला गेले. ती जाम होती. मी काचेवर थापा मारल्या.

मॅडमना जाग आली. हसणाऱ्या तोंडांकडे बघत त्यांनी हात डोक्याकडे नेला, शिंगं चाचपली. पोरांचं हसू थांबलं. कुणीतरी सॉरी म्हणत असावं. मॅडम त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग दोन्ही हात वर नेऊन त्यांनी तो वाकडा झालेला पट्टा कानांमागे नीट बसवला, आणि त्या हसल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांची गाडी पुढे सरकली. मॅडमनी परत काचेला डोकं टेकलं होतं. एक शिंग काचेवर दुमडलं होतं.